रानपिंगळा आणि नातवंडांची वही



दिवसभराचं ऊन अजून भिंतींतून निघतंय आणि तरी तुम्ही इथे येऊन बसलात, याबद्दल आधी आभार. संयोजकांनी मला विषय दिला तो असा: उन्हाळ्याची सुट्टी, नातवंडं आणि रानातला फेरफटका. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. झाडापाखरांवर बोलण्याचा माझा अधिकार समोर बसलेल्या कुठल्याही शेतकऱ्यापेक्षा कमीच आहे. पण गेल्या वर्षी याच महिन्यात, याच कळसाडीत माझ्या हातून एक चूक झाली. ती एका पाखराच्या नावाची होती. आणि त्या पाखराचा इतिहास हा आपल्या शहादे तालुक्याचा इतिहास आहे. तेव्हा आज मी इतिहासच सांगणार आहे. माझी चूक मध्ये मध्ये येत राहील.

आमची दोन नातवंडं पुण्याला असतात. मोठी नात बारा वर्षांची, धाकटा नातू आठ वर्षांचा. आमच्या लहानपणी सुट्टी म्हणजे मामाच्या गावाला जायचं आणि शाळा उघडेपर्यंत तिथेच राहायचं, असा हिशेब होता. आताच्या मुलांना शिबिरं असतात, वर्ग असतात; आजी-आजोबांच्या वाट्याला सात-आठ दिवस येतात. त्या दिवसांत काय दाखवायचं, याची आम्हा म्हाताऱ्यांना घाई असते. घाई हा शब्द लक्षात ठेवा. माझ्या चुकीचं मूळ तिथेच आहे.

नातीने येताना एक जाड वही आणली होती. तिच्यात रकाने आखलेले होते: तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, कुणी पाहिलं. सकाळी उजाडताच आम्ही शेताकडे निघायचो. टिटवी, भारद्वाज, वेडा राघू, होला, विहिरीच्या काठावरचा खंड्या, पपईच्या बागेच्या बांधावरून चालत गेलेला मोर, असं एकेक वहीत चढत होतं. दहानंतर ऊन सोसवत नाही. मग दुपारभर घरात आंबे, पत्ते आणि पंखा. संध्याकाळी पुन्हा गच्चीवर. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते ती दाखवून मी त्यांना दोन रात्री एक गोष्ट सांगितली होती. रानपिंगळ्याची.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला चिंचेच्या झाडावर वीतभर उंचीचं एक घुबड येऊन बसलं. गोल डोकं, पिवळे डोळे. आमच्याकडे बघून मान खाली-वर करत होतं. नातू माझा हात दाबून म्हणाला, "आबा, हाच ना तो? तुमच्या गोष्टीतला?"

आणि मी म्हणालो, "हो. हाच."

त्याने तिथल्या तिथे वही मागवली आणि लिहिलं: रानपिंगळा. कळसाडी. पाहणारे, आबा आणि मी. शेजारी चित्रही काढलं.

मला पूर्ण खात्री होती का? नव्हती. किंबहुना हा गावातला साधा पिंगळा असणार, असं मनात आलंही होतं. पण त्याचा चेहरा पाहिला आणि तोंडातून हो निघून गेलं. यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं. आता ती गोष्ट ऐका, म्हणजे यात काय एवढं ते कळेल.

१८७२ साली ब्लूइट नावाच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने आताच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात एक छोटं घुबड मारलं. त्या काळात पक्ष्याचा अभ्यास म्हणजे पक्षी मारायचा, कातडं सोलायचं, आत कापूस भरून शिवायचं आणि पायाला एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तारीख, गाव आणि मारणाऱ्याचं नाव. हे कातडं पोचलं अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे. हो, तोच ह्यूम. १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा म्हणून आपण शाळेत त्याचं नाव पाठ केलं. तो पाखरांचा मोठा जाणकार होता आणि शिमल्याला त्याचा प्रचंड संग्रह होता. त्याने ओळखलं की हा नेहमीचा पिंगळा नाही. १८७३ मध्ये त्याने ही नवी जात म्हणून जाहीर केली आणि ब्लूइटचं नाव तिला दिलं.

फरक काय होता? नेहमीच्या ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण असते. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठळक पट्टे. पोट पांढरं. पाय दणकट, अंगाच्या मानाने मोठे. लांबून दोघे भाऊ वाटतात, पण जवळून नाहीत.

पुढचा अंक आपल्याकडे घडतो. जेम्स डेव्हिडसन नावाचा सनदी अधिकारी १८८० च्या सुमारास खानदेशात होता. ह्यूम 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक चालवायचा, त्यात या डेव्हिडसनने पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी छापली. त्याने शहादे-तळोदे या पट्ट्यात रानपिंगळे टिपले. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची सात कातडी, त्यांतली बहुतेक याच माणसाने आपल्या मातीतून नेलेली. शेवटचा खरा नमुना १८८४ चा. त्यानंतर कुणी पाहिल्याची विश्वासार्ह नोंद नाही. ह्यूमचा संग्रह लंडनच्या संग्रहालयात गेला, तिथल्या कपाटाच्या खणांत ही पाखरं कापूस भरून पडून राहिली, आणि पक्षी पुस्तकातून हळूहळू इतिहासात गेला.

आता खलनायक येतो. कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागन. जन्म १८७८, मृत्यू १९६७. इंग्रज लष्करी अधिकारी, पहिल्या महायुद्धात नाव कमावलेला, आणि पक्षिशास्त्रातला मोठा दबदब्याचा माणूस. त्याने सांगितलं की १९१४ मध्ये त्याने गुजरातमध्ये, तापीकाठच्या मांडवीजवळ रानपिंगळा मारला. पुरावा म्हणून कातडं हजर, पायाला चिठ्ठी हजर. म्हणजे १८८४ नंतरही पक्षी होता, आणि तोही मांडवीला! एवढ्या मोठ्या माणसाची नोंद. कोण शंका घेणार?

शंका घेतली पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी. त्या भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांच्या मोठ्या पुस्तकाचं काम करत होत्या. त्या कामात मायनर्ट्झहागनच्या नोंदी इतर पुराव्यांशी जुळत नाहीत, हे त्यांच्या वारंवार लक्षात येऊ लागलं. मग या कातड्याची बारकाईने तपासणी झाली. क्ष-किरणांखाली पाहिलं. शिवण पाहिली, आतला कापूस पाहिला. हे कातडं आधी एकदा भरलेलं होतं आणि नंतर उसवून दुसऱ्यांदा भरलेलं होतं. पहिल्या हाताच्या ज्या खुणा राहिल्या होत्या, त्या डेव्हिडसनच्या पद्धतीच्या होत्या. म्हणजे साहेबाने काय केलं होतं? लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचा पक्षी उचलला, रूप बदललं, मूळ चिठ्ठी काढली आणि स्वतःच्या नावाची नवी चिठ्ठी बांधली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हा सगळा प्रकार 'आयबिस' या नियतकालिकात मांडला. पुढे असंही उघड झालं की ही एकच चोरी नव्हती. त्याच्या संग्रहातल्या कित्येक नोंदी अशाच आहेत.

पाखरू आपलं, म्हणजे खानदेशातलं. चिठ्ठी मांडवीची. चोरीपेक्षाही ही चिठ्ठी जास्त महाग पडली. १९७० च्या दशकात सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण तो मिळाला नाही. शोधणाऱ्यांच्या हातातल्या नकाशावर एक खूण खोटी होती. शिवाय ती सगळ्यात अलीकडची खूण, म्हणून सगळ्यात भरवशाची वाटणारी. एका माणसाच्या हौसेपायी पुढच्या दोन पिढ्यांची नजर चुकली.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगतो. कंटाळू नका, यात रानच आहे.

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. आपल्याला जे माहीत असतं त्यातलं बहुतेक असंच आलेलं असतं. माझी जन्मतारीख मला कुणीतरी सांगितलेली आहे. शिवाजी महाराजांना मी पाहिलेलं नाही. नातवंडांना तर जगातलं जवळजवळ सगळंच आपल्या सांगण्यातून मिळतं. ज्याचं सांगणं प्रमाण मानावं त्याला 'आप्त' म्हणायचं. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट नीट कळली आहे आणि जशी कळली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. वात्स्यायन हा न्यायसूत्रांचा भाष्यकार. त्याने इथे एक मोठी गोष्ट सांगितली आहे: हे लक्षण ऋषीला लागू आहे, आर्याला लागू आहे आणि म्लेंच्छालाही लागू आहे. जात, पदवी, हुद्दा पाहायचा नाही. जाणतो का आणि खरं सांगतो का, एवढंच पाहायचं. कर्नलसाहेब जाणकार होता, यात वाद नाही. तो दुसऱ्या अटीवर नापास झाला.

दुसरी गोष्ट मीमांसकांची. कुमारिल भट्टांच्या परंपरेने 'अनुपलब्धी' हेही ज्ञानाचं साधन मानलं. टेबलावर तांब्या दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही हे मला कळतं. पण याला एक अट आहे. तांब्या तिथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात तांब्या दिसला नाही, याने काहीच सिद्ध होत नाही. रानपिंगळ्याचं नेमकं हेच झालं. नाही दिसला, नाही दिसला, म्हणून संपला असेल असं लोक म्हणू लागले. पण दिसण्याजोग्या जागी पाहिलंच कुठे होतं?

मायनर्ट्झहागनची चिठ्ठी बाजूला ठेवायची आणि फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांना जायचं, असं रासमुसेनबाईंनी ठरवलं. १९९७ च्या नोव्हेंबरात त्या, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तिघे भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या, काही हाती लागलं नाही. मग ते डेव्हिडसनच्या मुलखात आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळच्या रानात, निष्पर्ण झाडावर, भर उजेडात एक कोऱ्या डोक्याचं घुबड बसलेलं बेन किंग यांना दिसलं. छायाचित्रं घेतली, चित्रीकरण केलं. मारलं नाही, चिठ्ठी बांधली नाही. ११३ वर्षांनी रानपिंगळा सापडल्याची बातमी जगभर गेली.

तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे सापडलेला पिंगळा आपल्या जिल्ह्यापेक्षा सात महिन्यांनी मोठा आहे!

त्यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या रानात राहून त्याचा अभ्यास केला. तो दिवसा शिकार करतो. सरडे-पाली हे त्याचं मुख्य खाणं, शिवाय उंदीर आणि किडे. जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो. त्याला दाट काळोखं जंगल लागत नाही. उघडं, सागाचं, पानगळीचं रान लागतं, म्हणजे आपल्या सातपुड्याचं मूळ रान. पुढे तो मेळघाटात सापडला, मध्य प्रदेशात खकनारकडे सापडला, २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला. तरी जगातल्या सगळ्या प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच असावी, असा अंदाज आहे. भारताबाहेर तो कुठेच नाही.

आता परत माझ्याकडे वळतो.

चिंचेवरच्या घुबडाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तोरणमाळला निघालो. पहाटेच गाडी काढली. म्हसावद, राणीपूर करत घाटाला लागलो. मे महिन्यातला सातपुडा पाहिला नसेल तर एकदा पाहा. सागाला पान नाही, जमिनीवर पानांचा थर, पाऊल टाकलं की पापडासारखा आवाज. मोहाची नवी लालसर पालवी. तेंदूची पानं गोळा करणाऱ्या बाया. मुलांना वाटलं होतं जंगल म्हणजे हिरवं. नात म्हणाली, "आबा, हे जंगल मेलंय का?" तिला म्हटलं, झोपलंय, जूनमध्ये उठेल.

सातपायरी घाटाच्या अलीकडे एका मोहाखाली आम्ही डबे उघडले. जवळच एक पावरा आजोबा शेळ्या घेऊन बसले होते, वयाने माझ्याएवढेच. मी त्यांना दशमी-चटणी दिली, त्यांनी मुलांना ओंजळभर चारोळ्या दिल्या. नातवाची भीड चेपली, तसा तो वही घेऊन त्यांच्याकडे गेला. "बाबा, हा पक्षी आम्ही पाहिला."

आजोबांनी वही लांब धरून पाहिली. मग चित्रातल्या डोक्यावर बोट ठेवलं. माझ्या आठ वर्षांच्या नातवाने डोक्यावर पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके काढलेले होते. त्याला दिसले होते म्हणून काढले होते. आजोबांनी विचारलं, "हे ठिपके होते? गावातल्या चिंचेवर? अंधार पडताना?" नातू तिन्हीला हो म्हणाला. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मग हा गावचा. रानचा वेगळा. रानच्याला डोक्यावर हे नाही. तो दिवसा बसतो, वाळल्या सागाच्या शेंड्यावर, आणि शेपटी हलवतो."

नातवाने माझ्याकडे पाहिलं. मंडळी, चाळीस वर्षं मी वर्गात प्रमाणशास्त्र शिकवलं, पण मुलाच्या त्या एका नजरेला माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

पुढे दिवसभर ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. न्यायदर्शनात उपमानाचं जे उदाहरण दोन हजार वर्षं शिकवलं जातं, ते हेच आहे की! शहरातल्या माणसाने गवय नावाचा प्राणी पाहिलेला नसतो. रानात राहणारा त्याला सांगतो, गवय गायीसारखा असतो. मग तो शहरी माणूस रानात जातो, तसा प्राणी दिसतो आणि त्याला कळतं, हाच गवय. या उदाहरणात सांगणारा कोण आहे? रानातला माणूस. ऐकणारा कोण? आपल्यासारखा शहरातला. मी हे उदाहरण फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, पण त्या रानातल्या माणसाला चेहरा असतो असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणखी एक साम्य लक्षात आलं. लंडनच्या कपाटातलं कातडं खरंच बोलत होतं, चिठ्ठी खोटी होती. कातड्याने आपली शिवण जपून ठेवली होती, म्हणून ऐंशीहून अधिक वर्षांनी खरं कळलं. इथे नातवाचं चित्र खरंच बोलत होतं, ठिपक्यांसकट. खोटी होती ती वरची ओळ. आणि ती मी सांगितलेली होती.

तुम्ही म्हणाल, कर्नलने चोरी केली, तुम्ही नातवाचं मन राखलं. दोन्ही एका पारड्यात कसे? एका पारड्यात नाहीतच. पण दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती: नोंद माझ्या नावावर असावी, मी दाखवला असं व्हावं. पाहणारे, आबा आणि मी. ही ओळ वाचून मला आनंद झाला होता, हे मी कबूल करतो.

इथे एक मोठा प्रश्न येतो. ११३ वर्षं पक्षी हरवला होता, तो कुणाला? घाटातल्या त्या आजोबांच्या बापाला, आजाला तो हरवला असेल असं मला वाटत नाही. दिवसा शेंड्यावर बसणारा पक्षी शेळ्या राखणाऱ्याला दिसणारच. फक्त त्यांचं सांगणं कुणी चिठ्ठीवर लिहून घेतलं नाही. वात्स्यायनाने सांगितलेला आप्त शेजारीच बसला होता, आणि जगाने विश्वास टाकला तो कर्नलच्या हुद्द्यावर.

यात इतिहासाचाही भाग आहे. आपल्या खानदेशात बाहेरच्या माणसाने रान पाहिलं ते बऱ्याचदा बंदुकीच्या नळीतून. १८२५ पासून इथे भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स आउट्रमचं उदाहरण घ्या. दहा वर्षांत त्याने स्वतः मारलेल्या वाघांचा आकडा त्याच्या चरित्रात १९१ दिला आहे. पुढे १८७८ चा जंगल कायदा आला आणि रान सरकारी राखीव झालं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे भिल्ल आणि पावरे आपल्याच रानात गुन्हेगार ठरू लागले. त्यांचे हक्क कागदावर मान्य व्हायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. ज्याला रानात पाऊल टाकायला परवानगी मागावी लागते, त्याला 'तुला रानाबद्दल काय माहीत आहे?' असं कोण विचारणार?

आणि गोष्ट इतकी सरळही नाही. १९९० मध्ये तळोद्याचं सुमारे २७०० हेक्टर राखीव जंगल मोकळं केलं गेलं, ते सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या अक्राणी-अक्कलकुव्यातल्या आदिवासींच्या पुनर्वसनासाठी. तेव्हा तर रानपिंगळा जगाच्या लेखी सापडलेलाही नव्हता. ज्या तळोदे पट्ट्यात डेव्हिडसन फिरला, त्यातलंच हे रान. घर गमावलेल्या माणसांनी कुठे जायचं, हा प्रश्न खरा. ढोल्या गेलेल्या पक्ष्याने कुठे जायचं, हाही खरा. माणूस की पाखरू, असं एका वाक्यात याचं उत्तर देणाऱ्याकडे मी जरा संशयाने पाहतो. नर्मदेवर धरण झालं आणि त्याची किंमत तापीच्या खोऱ्यातल्या सागाने चुकवली, एवढं मात्र नोंदवून ठेवलं पाहिजे. नातवंडांना रान दाखवायचं तर हेही दाखवायला हवं. नुसता यशवंत तलाव आणि सीताखाई दाखवून भागत नाही.

रानपिंगळा आम्हाला दिसला का? नाही. आजोबांनी दाखवलेल्या दिशेला सागाच्या रानाच्या कडेने तासभर बसलो. सुतार दिसला, राखी धनेशाची जोडी दिसली, झाडाखाली अस्वलाने उकरलेलं वारूळ दिसलं. नातू सुरुवातीला चुळबुळ करत होता, नंतर गप्प झाला. निघताना मी त्याला विचारलं, "मग काय लिहायचं?" त्याने थोडा विचार केला आणि लिहिलं: रानपिंगळा, एक तास वाट पाहिली, दिसला नाही. नातीने खाली भर घातली: पण जागा त्याचीच आहे.

ही अनुपलब्धीची नोंद मला त्या वहीतली सगळ्यात चांगली नोंद वाटते. कुठे, केव्हा, किती वेळ पाहिलं आणि दिसलं नाही, हे खरं लिहिलेलं असेल तर पन्नास वर्षांनी येणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

रात्री घरी आल्यावर मी नातवाला जवळ घेतलं आणि सांगितलं की कालची ओळ चुकीची आहे, आणि मला शंका असतानाही मी हो म्हणालो होतो. त्याने विचारलं, "मग तुम्ही तसं का सांगितलंत?" मी म्हणालो, "तुला आनंद व्हावा म्हणून." तो म्हणाला, "पण मला साधा पिंगळापण आवडला असता." यावर मी काय बोलणार? नातीने व्यवहार केला. ती म्हणाली, ओळ खोडरबराने पुसायची नाही, एक रेघ मारायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही दिसेल. रेघ मारली आणि खाली दुरुस्ती लिहिली: ठिपकेवाला पिंगळा. ओळख चुकली होती. दुरुस्त करणारे, घाटातले आजोबा.

समोर बरेच आजी-आजोबा बसले आहेत आणि तुमच्याकडेही सुट्टीला मुलं आलेली आहेत, म्हणून शेवटी चार गोष्टी सांगतो. वही द्या. मोबाइलवर नुसता फोटो काढला तर तारीख राहते, पण पाहणाऱ्याच्या मनात काय होतं ते राहत नाही. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. तो शत्रू आला समजून अंडी-पिल्लं सोडून धावतो. ढोलीपाशी गर्दी करू नका. घुबड म्हणजे अपशकुन, त्याच्या अंड्यांनी-नखांनी अमुक होतं, असलं काही घरात कुणी बोललं तर मुलांसमोरच थांबवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घुबड मारणं, पकडणं गुन्हा आहे, पण कायद्याआधी घरातलं बोलणं पोचतं. रानात गेलात तर तिथल्या माणसाला विचारा, त्याचं नाव विचारा आणि त्याने सांगितलं ते त्याच्या नावासकट लिहा. मी त्या आजोबांचं नाव विचारायला विसरलो. आमच्या वहीत ते 'घाटातले आजोबा' एवढेच राहिले, ही माझी दुसरी चूक.

आणि एखादं मूल बोट दाखवून विचारेल, "हाच ना तो?" माहीत असेल तर हो म्हणा. माहीत नसेल तर म्हणा, "बघू या, डोक्यावर ठिपके आहेत का?" तेवढ्या वेळात पक्षी उडून गेला तरी चालेल.

या रविवारी नातवंडं पुन्हा येत आहेत. चिंचेवरचा पिंगळा अजून आहे, कालच ओरडत होता. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा घाटात जाणार आहोत. या खेपेला आधी त्या आजोबांना शोधायचं आहे.